उपवासाचे ताट आणि लग्नाचा पाट

आमच्या घरी सोमवारचे ताट इतर दिवसांच्या ताटापेक्षा जड असे, आणि तरीही त्याला उपवास म्हणण्याचा प्रघात होता. तुपात न्हालेली साबुदाण्याची खिचडी, तिच्यावर दाण्याचे कूट, बाजूला बटाट्याचा कीस, वाटीत गोड दही आणि दुपारच्या चहाबरोबर राजगिऱ्याचा लाडू. मी आयुष्यभर संस्कृत शिकवले; धर्मशास्त्राचे जुने ग्रंथ जमेल तेवढ्या श्रद्धेने वाचले. त्यांत साबुदाणा मला कुठे भेटला नाही, बटाटाही भेटला नाही. त्यांना व्रताच्या ताटात कोणी आणून बसवले ते देव जाणे. पण या ताटाने माझ्या पत्नीची जी हानी केली, तिचा मला इतक्या वर्षांनीही संताप येतो, आणि तो आवरावा असे मला वाटत नाही.

ही हकिकत सुरतेतली, चौऱ्याण्णवचा प्लेग येऊन गेल्यानंतरच्या वर्षांतली. शहर धुऊन-पुसून निघाले होते. उधन्यातल्या एका मराठी शाळेत मी शिक्षक होतो आणि शाळेजवळच्याच सोसायटीत आम्ही राहत होतो. माझे थोरले बंधू बँकेत अधिकारी होते. त्यांचे बिऱ्हाड तापीपलीकडे.

आमच्या एकुलत्या एका मुलीचा साखरपुडा झाला, त्या दिवशी विधी आटोपल्यावर पत्नीला जमिनीवरून उठता येईना. तिचे शरीर स्थूल होते आणि गुडघे दुखत. एक तळवा सतरंजीवर टेकून तिने जोर केला, पुन्हा केला, आणि ओशाळून तशीच बसून राहिली. अखेर दोन बायकांनी काखेत हात घालून तिला उभे केले. नवऱ्या मुलाकडची माणसे समोर बसली होती.

"अगं, आधी सांगायचंस," आमच्या वहिनी, म्हणजे बंधूंच्या पत्नी, मोठ्याने म्हणाल्या, "इच्छापोरच्या कारखान्यांतून क्रेन मागवली असती!"

सगळे हसले. तीही हसली. तिचे ते हसणे मला पाहवले नाही.

पाहुणे गेल्यावर बंधूंनी मला बाजूला घेतले. "हे बघ, मनाला लावून घेऊ नकोस. पण लग्नात पुण्याहवाचन आहे, कन्यादान आहे. सारखं पाटावर बसायचं, उठायचं. तिला नाही जमणार. कन्यादानाला आम्ही दोघं बसतो. तुम्ही खुर्च्यांवर बसून आशीर्वाद द्या."

मी म्हणालो, "दादा, तिला पाटावर बसवत नसेल तर चौरंग देऊ, खुर्ची देऊ. आईने खुर्चीवर बसून कन्यादान करू नये, असे वचन माझ्या वाचनात नाही."

"शास्त्र तुझं तुझ्यापाशी ठेव. लोक काय म्हणतील?"

आई-वडील हयात असताना त्यांना बाजूला सारून इतरांनी कन्यादान करावे, याला लोक काही म्हणणार नव्हते. आईने खुर्चीवर बसावे, याला मात्र म्हणणार होते. या न्यायाचे मूळ मला अद्याप सापडलेले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा आटोपून मी उठलो, तेव्हा पत्नी माझ्यामागे दाराशी उभी होती. तिने सारे ऐकलेले होते.

"अहो, मला खुर्ची नको," ती म्हणाली. "आणि जाऊबाईही नकोत. लेकीच्या हातावर पाणी मी सोडणार. पाटावर बसूनच सोडणार आणि माझी मीच उठणार. वैशाखाला अजून अवकाश आहे."

वहिनींच्या कानावर हे गेले तेव्हा त्यांनी उपायही सांगून टाकला. सोमवार तर तू करतेसच. आता गुरुवार धर, चतुर्थी आहे, दोन्ही एकादश्या आहेत. देव प्रसन्न होईल आणि वजनही उतरेल. पत्नीने तसे केले. उपवासाच्या दिवशी खिचडी आणि कीस. उरलेल्या दिवशी, काल जास्त झाले या अपराधी भावनेने, नुसती पोळी आणि चहा. वरण सोडले, उसळ सोडली, दूध सोडले. दोन महिन्यांत वजन तसूभर हलले नाही. पण जिना चढताना ती मध्येच थांबू लागली. साखरपुड्याला तिला दोघींनी उठवले होते. आता पलंगावरून उठतानाही तिला माझा हात लागे.

व्रताबद्दल मला काही म्हणायचे नाही. ज्याने एक दिवस दुधावर राहून ईश्वराचे नाव घेतले, त्याच्यापुढे मी आजही हात जोडीन. पण देवाला वजन उतरवण्याच्या कामाला जुंपायचे, वर त्याच्याच नावाने दुप्पट खायचे, आणि काट्याने साथ दिली नाही की बाईची श्रद्धाच कमी पडली असे म्हणायचे! वहिनी तसे म्हणाल्याही: "मनापासून करत नसशील."

अखेर मी तिला सोसायटीच्या कोपऱ्यावरच्या गुजराती डॉक्टरीणबाईंकडे नेले. त्यांनी रक्त तपासले, गुडघे दाबून पाहिले, मांड्या चिमटीत धरून पाहिल्या आणि दिवसभरात काय खाता ते विचारले. सोमवारची यादी ऐकता ऐकता त्यांनी पेन खाली ठेवले.

"बेन, आ उपवास छे के जमणवार?"

आपला उपवास डॉक्टरीणबाईंना जेवणावळ वाटावा, याचे पत्नीला हसूही आले आणि लाजही वाटली. मग डॉक्टरीणबाईंनी आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत आम्हाला जे समजावले ते मी आजतागायत विसरलो नाही. वजन कमी करायचे म्हणजे नुसता काटा खाली आणायचा नाही. उपाशी राहून जे जाते त्यात चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि माणसाला जमिनीवरून उठवतात ते मांडीचे स्नायू. त्यांना डाळ द्या, मोड आलेले मूग-मटकी द्या, दही-ताक द्या, दूध फाडून घरी केलेले पनीर द्या. भात, पोळी आणि गोड कमी करा. आणि त्या स्नायूंना काम द्या. ज्या स्नायूला काम नाही, त्याला शरीर सांभाळून ठेवत नाही.

"काय काम देऊ?" पत्नीने विचारले. "घरचं सगळं मीच करते."

"तुमाला काय करायचंय? खालून उठायचंय ना? मग तेच करा. पण हळू हळू. पयला उंच जागेवरून. आणि गुडघा दुखला तर थांबा, मला सांगा."

त्यावरून पत्नीने जी युक्ती काढली ती तिची स्वतःची. श्राद्ध-पक्षाच्या पंगतीसाठी आमच्याकडे शिसवी पाट होते. तिने ते भिंतीशी एकावर एक रचले, पार खुर्चीएवढे उंच. त्या उतरंडीवर बसायचे आणि हाताचा आधार न घेता उठायचे. पुन्हा बसायचे. दम लागला की थांबायचे. ते सोपे वाटू लागले की वरचा एक पाट काढून ठेवायचा. सकाळी मी जपाला बसे तेव्हा शेजारच्या खोलीतून तिच्या बांगड्यांचा आणि श्वासाचा आवाज येई. संध्याकाळी ती गच्चीवर जाई, तांदळाच्या दोन पिशव्या दोन हातांत घेई आणि टाकीला फेऱ्या मारी.

गच्चीवर वाळवणे घालायला येणाऱ्या बायकांना हा तमाशाच झाला. खालच्या मजल्यावरच्या खानदेशी काकू एकदा म्हणाल्या, "काय वं माय, आखाडामा उतरनं शे का काय?" यावर पत्नीने "हो, पहिली कुस्ती तुमच्याशीच," असे उत्तर दिले आणि त्या काकू पुढे पापड राखता राखता रोज तिच्याशी गप्पा मारू लागल्या. तो विनोद होता. त्यात विष नव्हते. पण बाकीच्यांचे काय? नवऱ्यापुढे, होणाऱ्या जावयापुढे या वयात बाईने असे करावे का, पदर खोचून उठाबशा काढाव्या का, हे मला शाळेच्या वाटेवर अडवून विचारणारे गृहस्थ होते. ज्यांच्या स्वतःच्या धोतराची गाठ पोटाखाली बांधावी लागे, त्यांनी मला स्त्रीच्या शालीनतेवर प्रवचन द्यावे! मी नमस्कार करून पुढे जात असे. तो नमस्कार मनापासूनचा नव्हता.

फाल्गुन संपेपर्यंत भिंतीशी तीनच पाट उरले. काटाही थोडा उतरला होता. पण ती त्याकडे फारसे पाहत नसे. जिना ती न थांबता चढू लागली होती.

मग केळवणे सुरू झाली.

लग्नाआधी आप्तेष्टांनी वधूला आणि तिच्या घरच्यांना जेवायला बोलवायचे, हा आपला किती मायेचा रिवाज! पण आग्रह या एका शब्दाखाली आपण काय काय खपवतो, हे मी बंधूंच्या घरच्या केळवणाला पाहिले. चांदीची ताटे, महिरपी रांगोळी, सुरती घारी, श्रीखंड, पुरणपोळी. पत्नीने एक पोळी घेतली, वरण भरपूर मागून घेतले, कोशिंबीर घेतली आणि पुढच्या पोळीला नको म्हटले.

"नको कसं? लेकीच्या केळवणाला आईच नको म्हणते! अपशकुन आहे तो."

"जाऊबाई, खरंच पुरे. डॉक्टरांनी सांगितलंय."

"त्या गुजरातणीचं काय ऐकतेस? एका पोळीनं काय होतंय? आहेस त्याहून काय जाड होणारेस?"

पोळी ताटात पडली. वहिनींनी तुपाची वाटी पुढे केली. पत्नीने पोळीवर आडवा हात धरला. वहिनी थांबल्या नाहीत. त्यांनी वाटी तशीच कलती केली आणि ऊन तूप तिच्या हाताच्या पाठीवरून मनगटाकडे ओघळले.

"आता चाटावंच लागेल!" कोणीतरी म्हणाले, आणि पंगत खदखदून हसली.

हात भाजला नव्हता, लाल झाला होता. माझी मुलगी पानावरून उठून पाणी आणायला धावली. अन्न हे पूर्णब्रह्म आहे असे मी लहानपणापासून मानत आलो. ताटातले शीत टाकताना माझा जीव कासावीस होतो. त्या दिवशी मी अर्ध्या ताटावरून उठलो. ज्या बाईला तिच्या जाडपणावरून साखरपुड्यात हसायचे, तिच्याच तोंडात तूप कोंबायचे, आणि ती नको म्हणाली तर तिच्यावर लेकीच्या अकल्याणाचा आळ घ्यायचा! हे कोणत्या धर्मात बसते? वधूची आई जेवली नाही तर अपशकुन होतो. आणि तिचा हात पोळला तर काय होते?

बंधू दारापर्यंत आले. "अरे, मायेनं करतात बायका. आणि पाटाचं काय ठरवलंत?"

मी काही बोलण्याआधी पत्नी चपला घालता घालता म्हणाली, "ठरलेलंच आहे, भावजी. मीच बसणार."

लग्न समाजाच्या वाडीत, म्हणजे मंगल कार्यालयात, होते. पत्नीने एवढे सांगूनही सकाळी बोहल्याशेजारी चार पाट मांडलेले दिसले. दोन आमचे आणि दोन, काही झालेच तर, दादा-वहिनींचे. त्या दोघांनी सोवळे नेसून तयारीही ठेवली होती. मी ते दोन पाट उचलून भिंतीशी उभे केले.

पुण्याहवाचनाला ती बसली आणि उठली, थोडी सावकाश. कन्यादानाला आम्ही पुन्हा बसलो. मुलीच्या ओंजळीवर तिने पाण्याची धार धरली; धार तुटली नाही. मंत्र संपले. उठण्याची वेळ आली तेव्हा वहिनी पुढे धावल्या आणि त्यांनी तिचा दंड धरला.

"सोडा हात, जाऊबाई."

"अगं, पडशील चारचौघांत!"

"सोडा म्हणते ना."

तिने उजवे पाऊल पुढे रोवले, तळहात मांडीवर ठेवला, श्वास घेतला आणि उठून उभी राहिली. शालूचा पदर सावरला आणि मुलीकडे पाहिले. वाडीतल्या कितीकांच्या ते लक्षातही आले नसेल. जमिनीवरून उठणे ही लोकांच्या लेखी पाहण्याची गोष्ट नव्हे.

पंगत बसली तेव्हा मी विहिणीला नमस्कार करायला गेलो. शेजारी वहिनी बसल्या होत्या आणि सांगत होत्या, "उपवास केले हो तिनं. मीच सांगितले होते. भोळा सांब पावला बघा."

"वहिनी," मी म्हणालो, आणि माझा आवाज माझ्या अपेक्षेहून मोठा निघाला, "तुमच्या उपवासांनी तिला पलंगावरूनही उठता येईनासे झाले. ती उठली ती मुगाच्या उसळीने आणि रोजच्या कष्टांनी. तुम्ही तिच्या हातावर तूप ओतलेत, तेही आम्ही गिळले. पण देवाला खोट्या साक्षीला ओढू नका."

विहीणबाईंनी मान खाली घातली. बंधू दोन पानांपलीकडून "अरे, अरे" करत उठू लागले. एवढ्यात पत्नी माझ्यामागे येऊन उभी राहिली.

"झालं बोलून?" ती म्हणाली. "आता बाजूला व्हा. पंगत खोळंबली आहे."

आणि वाढप्याच्या हातून भरलेली वरणाची बादली घेऊन ती ओळीच्या पहिल्या पानाशी वाकली.