हरीओम खेळायचा, किशन ऐकायचा

किशनचा छोटा हत्ती टेम्पो शिरपूरच्या बाजारात शिरला की हमालांना मान वर करून बघावं लागत नाही. आधी गिटार येते, मग गाडी. सोयाबीनची पोती चढवता चढवता कुणीतरी म्हणतंच, "किशनभाऊ, हे गाणं हाय का भांडण?" किशन आवाज थोडा कमी करतो, पण बंद करत नाही. चाळिशी ओलांडलेला, पांढऱ्या मिशांचा, दोन एकर तुरीचा मालक असलेला हा माणूस इंग्रजी रॉक का ऐकतो, हे कोडं बाजाराला अजून सुटलेलं नाही. कारण त्याची सुरुवात गाण्यापासून झालीच नव्हती. ती झाली टीव्ही गेमपासून.

जऊळक्याच्या स्टेशनापलीकडे त्यांचा तांडा. वडील लालसिंग आणि आई रुपाबाई दिवाळी झाली की ऊसतोडीला सांगलीकडे जायचे आणि उन्हाळ्यात परतायचे. किशनही त्यांच्याबरोबर. म्हणजे वर्षातला गावातला वाटा तेवढा उन्हाळ्याचा आणि पावसाळ्याचा. त्या दिवसांत तो रोज दुपारी गावात जायचा, वर्गमित्र हरीओमकडे. हरीओमचे वडील रामकिसन यांचं किराणा दुकान होतं आणि घरात टीव्हीला जोडायचा गेम होता. पिवळी कॅसेट खोचायची, नाही चालली तर काढून फुंकायची, परत खोचायची.

हरीओम रिमोट धरून पुढे बसायचा. किशन मागे, भिंतीला टेकून. पडद्यावरचा माणूस उड्या मारत पळत असायचा आणि खाली त्याचं गाणं वाजत असायचं. एक सूर वर नाचायचा, दुसरा त्याच्या पायात पायात यायचा, तिसरा खालून ढकलत राहायचा आणि कढईत फोडणी पडावी तसा छस् छस् ताल. गाणं संपायचं नाही, फिरून जिथून निघालं तिथंच येऊन मिळायचं. किशनला ते घरी जातानाही ऐकू यायचं. हरीओमची आई गोजराबाई पोह्याची ताटली पुढे ठेवत म्हणायची, "तू बी खेळ ना रे पोरा. नुसता पाहून काय राह्यला?" किशन मान हलवायचा आणि पोहे खायचा.

ऊसतोडीवर टीव्ही नव्हता. पण गाणं तोंडात होतं. उसाच्या पाचटाच्या कोपीसमोर बसून तो ते तिन्ही सुरांत म्हणायचा, म्हणजे एक सूर तोंडाने, ताल मांडीवर आणि खालचा सूर मनात.

त्यांच्याच तांड्यातला हरिसिंग उसाचा ट्रॅक्टर चालवायचा. कारखान्याच्या आवारात नंबर लागेपर्यंत गाड्या तासन्‌तास उभ्या असत, तेवढ्यासाठी त्याने टेप बसवला होता. एकदा बाजारातून जुन्या कॅसेटींची थैलीच घेऊन आला. तीत एक निघाली बिनकव्हरची, नाव पुसलेली. टेपने तिची फीत चावली. हरिसिंगने तुटका भाग कापून टाकला, चिकटपट्टीने दोन टोकं जोडली, परत लावली आणि वैतागला. "काय बोंबलून राह्यले हे. किशन, तुले पाह्यजे काय?"

किशनने ती रांगेत उभ्या ट्रॅक्टरवर बसून ऐकली. गिटार पळत सुटली, खालून दुसरी वाजू लागली, मागून ढोल. त्याच्या अंगावर काटा आला. ही तर टीव्ही गेमच्या गाण्याची मोठी बहीण. शब्द एकही कळला नाही, पण गेमच्या गाण्याला तरी शब्द कुठे होते? ते नसल्याचं त्याला कधी जाणवलंच नाही.

पुढची कितीतरी वर्षं त्याच्याजवळ तेवढी एकच कॅसेट होती. ती त्याने सुटी सुटी कधी ऐकली नाही. पहिली बाजू, खट्, दुसरी बाजू. शेवटचं गाणं फार हळू होतं. तोडून झालेल्या उसाच्या फडावरून संध्याकाळी वारं जातं, तसं. दुसऱ्या बाजूच्या मधल्या एका गाण्यात गाणारा श्वास घ्यायचा आणि एकदम ढोल यायचा, पायरी चुकल्यासारखा. चिकटपट्टीची जागा ती. पण किशनला वाटायचं, गाणंच तसं आहे, आणि ती पायरी त्याला फार आवडायची.

लग्न झालं, उज्ज्वला मेडशीकडच्या तांड्यातून आली आणि दोघं मिळून ऊसतोडीला जाऊ लागले. तो तोडायचा, ती मोळ्या बांधायची. दुपार कलली की हात जड व्हायचे. मग ती म्हणायची, "ते उड्या मारायचं म्हणा." किशन गेमचं गाणं धरायचा आणि मोळ्या भराभर पडायच्या. कधी ती कॅसेटमधलं मागायची. ते म्हणताना तो श्वास घ्यायचा आणि पायरी चुकवायचा. तीही तशीच शिकली.

मुलगा करण शाळेत जायच्या वयाचा झाला तेव्हा उज्ज्वलाने ठरवलं की आता फडावर जायचं नाही. किशनने गाडी घेतली. कॅसेट तोवर पार झिजली होती, आणि एका दिवशी तिच्यातून नुसती खरखर आली. त्यानंतर बरीच वर्षं गाडीत रेडिओ वाजायचा. नावच ठाऊक नव्हतं, तर दुकानात मागणार काय?

गेल्या वर्षी करण जवळच्याच मालेगावच्या आयटीआयमध्ये जाऊ लागला. एका रविवारी बाप गाडी धूत गुणगुणत होता. करणने फोन त्याच्या तोंडासमोर धरला. "बाबा, पुन्हा म्हणा. फोन शोधते."

पहिल्यांदा फोनने भलतंच भजन काढलं. दुसऱ्यांदाही काही नाही. तिसऱ्यांदा किशनने सुरुवातीची गिटार म्हटली आणि पडद्यावर एक चित्र आलं. चार जण उभे होते, हडकुळे, नीट दाढीही न फुटलेले. किशनच्या मनात ते कायम बाप्यांसारखे, दांडगे होते. अल्बम त्याच्या जन्माच्याही आधीचा निघाला.

त्याने तो गाडीत बसून ऐकला, उज्ज्वला शेजारी. दुसऱ्या बाजूचं ते गाणं आलं. गाणाऱ्याने श्वास घेतला. किशनने आणि उज्ज्वलाने ठरल्या जागी मान हलवलीही, पण ढोल आलाच नाही. तो माणूस हसला. गाता गाता, कुणीतरी बाजूला काही बोलल्यासारखा, बारीक हसला. मग ढोल आला.

"हसला काहून तो?" उज्ज्वला म्हणाली.

"काय माहीत."

"इतके वर्षं आपल्याले सांगितलं नाही त्यानं."

किशनने ते गाणं परत लावलं. त्या हसण्याने त्याला आनंद झाला, आणि काहीतरी हातातून निसटल्यासारखंही वाटलं. आपण म्हणत आलो ते गाणं जगात फक्त दोघांनाच येत होतं, हे त्याला तेव्हा कळलं.

दिवाळीत हरीओम नाशिकहून आईकडे आला. तो तिथे कंपनीत असतो, केस विरळ झालेत, बोलणं शहरी झालंय. किशनने त्याला गाडीत घेतलं आणि शिरपूरच्या रस्त्याला लागल्यावर गेमचं गाणं लावलं. तेही करणनेच शोधून दिलं होतं.

"वळख."

हरीओमने बराच वेळ ऐकलं. "नाही रे. कशाचं आहे?"

"तुया टीव्ही गेमचं."

"त्यात गाणं होतं?"

किशनला ते लागलं. मग त्याचं लक्ष हरीओमच्या हाताकडे गेलं. मांडीवर उजवा अंगठा हलत होता. गाणं वर चढलं की दाब, थांबलं की थांब, मग पाठोपाठ दोनदा. हरीओमला पत्ताच नव्हता. किशनने बोट दाखवलं तेव्हा त्याने अंगठ्याकडे पाहिलं आणि हसायला लागला.

"इथं खड्डा होता," तो म्हणाला, आणि बोलणं आपोआप गावचं झालं. "अन् मंग दोन खड्डे. पण काय रे, तू कायले खेळत नव्हता? म्या रिमोट देल्ला तरी तू वापस करे."

"गेममंधी मी लवकर मरो. मेलो की गाणं बंद. तू लय टिके."

हरीओम म्हणाला, "मले वाटे तुले गेम आवडत नाही, पोह्यासाठी येते."

"पोहे बी चांगले राहत."

नाशिकला परतल्यावर हरीओमने तो अल्बम स्वतःहून ऐकला. मधूनच त्याचा फोन येतो, कामावर जाताना, आणि दोघं एखाद्या गाण्यावर चहाच्या टपरीवर बसल्यासारखे वाद घालतात.

आता करणने नवीच बातमी आणली आहे. त्या चौघांचे आणखी बरेच अल्बम आहेत. किशनला हे कधी सुचलंच नव्हतं. त्याच्या लेखी ते एवढंच गाऊन थांबले होते. काही आठवडे त्याने नवं काही लावू दिलं नाही. मग परवा, उज्ज्वलाला माहेरी सोडायला मेडशीच्या रस्त्याने जाताना, त्याने फोन तिच्या हातात दिला.

"नसलं चांगलं तं?" तो म्हणाला.

"तं बंद करू," उज्ज्वला म्हणाली, आणि पहिलं गाणं लावलं.