निळ्या रंगाचे दोन पेन ड्राइव्ह

सुदेशने आयुष्यात दोन जातींची यंत्रं दुरुस्त केली, आणि दोन्ही खाऱ्या हवेनेच मारलेली असत. आधी वेंगुर्ल्याच्या बंदरावर होड्यांची इंजिनं, नंतर बाजारातल्या गाळ्यात कॉम्प्युटर. धंदा का बदलला असं कोणी विचारलं तर तो म्हणे, "इंजिन उचलूक दोन माणसां लागतत. कॉम्प्युटर एकट्याक उचलूक जमता." याहून खोल कारण असेल असं वाटणाऱ्यांनी वाटून घ्यावं.

इंजिनांच्या धंद्यातून त्याने एकच गोष्ट बरोबर आणली. होडीत सुटा केलेला बोल्ट खाली ठेवायचा नसतो. होडी हलते, बोल्ट घरंगळतो, आणि मग तो समुद्राचा होतो. म्हणून ज्या भोकातला बोल्ट त्याच भोकात दोन आटे फिरवून लावून ठेवायचा. काम होईपर्यंत तो तिथे सुखरूप राहतो. सुदेश हे कॉम्प्युटरलाही लावी. गिऱ्हाइकाची कुठलीच वस्तू त्याच्या टेबलावर पडलेली नसे, कुठे ना कुठे जोडलेली असे. लोकांना याचं कौतुक होतं.

लोकांना कौतुक आणखी एका गोष्टीचं होतं. किनाऱ्यावर सीडी ड्राइव्ह बांगड्यापेक्षा थोडा जास्त टिकतो, इतकंच. दोन पावसाळ्यांत त्याचा डोळा गंजतो, आणि मग बंद पडलेल्या कॉम्प्युटरमध्ये विंडोज घालायची कशी हा प्रश्न उरतो. सुदेशने त्यावर उतारा शोधला होता. पेन ड्राइव्हच असा तयार करायचा की मेलेला कॉम्प्युटर त्याच्यावरून उठून बसेल. त्यासाठी पडद्यावर एक काळी खिडकी उघडायची आणि आदेश टाइप करायचे. चित्र नाही, बटण नाही. बरोबर लिहिलं तर होतं, चुकलं तर तेही होतं. त्याला ते आवडे. इंजिनही असंच वागतं.

सॅविओ त्याचा शाळेपासूनचा दोस्त. दोघांना सिसिलिया टीचरनी शिकवलेलं, आणि टीचर ही सॅविओची आई, त्यामुळे छड्या खाण्यात त्याला सवलत नसे, उलट व्याज असे. पुढे सॅविओ प्रवासी बोटीवर गेला, स्वयंपाकघरात. नाताळला घरी यायचा तेव्हा जहाजावरच्या माणसांची रीत पाळायचा. सगळ्यांना एकसारखी वस्तू आणायची. कोणाला कमी कोणाला जास्त झालं की सुट्टी रुसवे काढण्यातच जाते. एका वर्षी सगळ्यांना टॉर्च आणले. त्या उन्हाळ्यात लाइट गेली की आळीतल्या प्रत्येक ओटीवरून एकाच जातीचा उजेड पडायचा. दोन हजार आठच्या नाताळला त्याने पेन ड्राइव्ह आणले. सगळे निळे, सगळे चार जीबीचे. आळीतल्या निम्म्या लोकांकडे ते खुपसायला कॉम्प्युटर नव्हता, पण रुसलं कोणी नाही.

आईला दिलेल्या पेन ड्राइव्हमध्ये त्याने एक व्हिडिओ घालून आणला होता. आपण कुठे राबतो ते मम्मीने बघावं म्हणून. टीचरच्या कॉम्प्युटरला आवाज येत नव्हता तो नीट करायला सुदेश गेला, तेव्हा त्याने तो एकदा पाहिला. सॅविओ कॅमेरा हातात धरून स्वयंपाकघरातून चालतोय. बटाट्यांचा डोंगर दाखवतोय. "मम्मी, हय मासो आसा, पण तेका वास नाय. वास नसलेलो मासो कसो खावचो, सांग बघू?" मग तो हसतो. शेवटी कॅमेरा स्वतःकडे वळवतो, आणि संपतं.

दुसऱ्या वर्षी भर पावसात सॅविओ जहाजावरच वारला. हृदय थांबलं, असं कळवलं गेलं. शवपेटी गोव्याच्या विमानतळावरून आली आणि ती उघडू नका असा निरोपही बरोबर आला. टीचरने उघडली नाही. नियम पाळायचे हे तिनेच सगळ्यांना शिकवलं होतं. नवरा आधीच गेलेला. दर रविवारी चर्चमधली मिसा आटोपून ती घरी यायची, चहा टाकायची आणि कॉम्प्युटरवर तो व्हिडिओ लावायची.

पुढल्या एप्रिलमध्ये कॉम्प्युटर बंद पडला. टीचर तो रिक्षात घालून स्वतः गाळ्यात घेऊन आली. पेन ड्राइव्ह तिच्या पर्समध्ये, रुमालात गुंडाळलेला.

"ह्यो सुरू कर," ती म्हणाली. "आणि ह्यो सांभाळ. ह्येच्यात तो आसा."

सुदेशने डबा उघडून बघितला. आतली डिस्क टकटक करत होती, म्हणजे संपली होती. सीडी ड्राइव्हचा प्रश्नच नव्हता. "नवी डिस्क घालतंय टीचर. मगे सॅविओचो व्हिडिओ पण ह्येच्यातच घालून देतंय, म्हणजे पेन ड्राइव्ह काढ-घाल करूक नको."

"बरा. मी बसतंय."

मग सुदेशने ते केलं जे तो कायम करायचा. निळा पेन ड्राइव्ह टेबलावर ठेवला नाही. हरवू नये म्हणून आपल्या कॉम्प्युटरच्या मागच्या भोकात लावून ठेवला. दोन आटे फिरवून.

विंडोजचा पेन ड्राइव्ह एका गिऱ्हाइकाने नेला होता, परत आणला नव्हता. दुसरा तयार करणं भाग होतं. खणात त्याचा स्वतःचा होता, सॅविओने दिलेला, त्यात दशावतारी नाटकांची रेकॉर्डिंगं भरलेली. टीचरच्या कामासाठी गेली तर गेली, असं म्हणून त्याने तो पुढच्या भोकात लावला.

काळी खिडकी उघडली. जोडलेल्या डिस्क दाखव, असा आदेश दिला. तिथे नावं येत नाहीत, रंग येत नाहीत. नंबर येतात आणि आकार येतो. सुदेश आकारावरून ओळखायचा, आणि एरवी त्यात चूक होत नसे, कारण जगात सगळ्यांना एकसारखं देणारी माणसं थोडी असतात. त्या दिवशी एक आणि दोन या नंबरांपुढे अगदी तोच आकडा होता. आपला पेन ड्राइव्ह नंतर लावला, तेव्हा दोन नंबर आपला, असं त्याने धरलं. कॉम्प्युटरने मात्र भोकांच्या क्रमाने मोजलं होतं, पुढचं एक, मागचं दोन.

टीचरने चष्मा लावला आणि खुर्ची पुढे ओढली. "काय लिवतस रे?"

"आदेश टीचर. आधी आतला सगळा काढून टाकूक लागता."

त्याने लिहिलं. टीचरने पडदा वाचला. तिसरीच्या वर्गात त्याची इंग्रजी वही वाचायची तशी, एकेक अक्षर.

"क्लीन," ती म्हणाली. "बरोबर लिवलंस. इतक्या वर्षांत तुजा एक स्पेलिंग बरोबर इला."

सुदेश हसला आणि एंटर दाबलं.

कचऱ्याची फाइल टाकतानासुद्धा कॉम्प्युटर विचारतो, नक्की का? काळ्या खिडकीत ती पद्धत नाही. साफ झालं, एवढं तो म्हणाला. सुदेशने नवा भाग पाडला, तो चालू केला, फॉरमॅट केला, आणि विंडोजच्या फाइली त्यावर ओतल्या. मग दोन नंबर म्हणून हाताला येणारा पेन ड्राइव्ह काढायला गेला, तर त्याच्यात दिवा लुकलुकत नव्हता. मागच्यात लुकलुकत होता.

त्याने पुढचा काढून पुन्हा लावला आणि उघडला. पडद्यावर मुकुट घातलेला राजा उभा राहिला आणि झांजा वाजायला लागल्या.

"ह्यो न्हय," टीचर म्हणाली. "ह्यो तुजो. दुसरो लाव."

दोन्ही पेन ड्राइव्ह दिसायला एकच होते. एखादा शहाणा माणूस त्यातला एक रुमालात गुंडाळून तिच्या हातात देता, आणि रविवारपर्यंत तरी सुखाने जेवता. सुदेशच्याही ते मनात आलं. पण तिसरीतल्या मुलाला टीचरसमोर जितपत खोटं बोलता येतं तितपतच त्याला येत होतं.

"टीचर," तो म्हणाला, "मिया तेका पुसून टाकलंय."

तिला आधी कळलं नाही. मग कळलं. तिने चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. पडद्यावर राजाच्या बाजूला, काळ्या खिडकीत, अजून तो शब्द होता. ती त्या शब्दाकडे बघत राहिली.

"मिया बघितलंय," ती म्हणाली. "माज्यासमोर लिवलंस. मियाच बरोबर म्हटलंय."

त्याने त्याच पेन ड्राइव्हवर नंतर जे जे करता येतं ते सगळं केलं. पुसलेल्या फाइली शोधणारे प्रोग्राम आणले, गोव्यातल्या माणसाकडे नेऊन दाखवला. एवढी मोठी विंडोज वरून ओतल्यावर खाली काय उरणार. एक तुकडा हाती लागला. आवाज नसलेला. त्यात बटाटे होते.

टीचरचा कॉम्प्युटर उत्तम चालतो. नवी डिस्क, नवी विंडोज, पूर्वीपेक्षा लवकर सुरू होतो. तो पोचवायला सुदेश गेला तेव्हा पेन ड्राइव्हही घेऊन गेला होता. तिने तो हातात घेऊन विचारलं, "आता ह्येचो काय उपयोग?"

"बंद पडलेलो कॉम्प्युटर सुरू जाता टीचर ह्येच्यावरना."

"मगे तुज्याकडे ठेव," ती म्हणाली. "लोकांचे तरी सुरू होवंदेत."

तो त्याने ठेवला. पार आरोंदा गावापर्यंतचे कॉम्प्युटर त्याच्यावरून उठले. त्याच्या टोकाला त्याने लाल दोरा बांधला आहे, आता त्या खुणेचा उपयोग नसला तरी.

रविवारी मिसा सुटल्यावर टीचर घरी जायच्या आधी गाळ्यावर थांबते. तो व्हिडिओ पाहिलेलं तिच्याखेरीज एकच माणूस जगात उरलं आहे, आणि त्यानेही तो एकदाच पाहिलेला. ती खुर्चीवर बसते. हल्ली तिला थोडं कमी आठवतं.

"सुदेश, माशाक वास नाय म्हणालो, तेच्या आधी हसलो काय मगे?"

पहिले काही रविवार सुदेश सांगायचा, मगे. अगदी खात्रीने. नंतर त्याचं त्यालाच कळेनासं झालं की हे आठवतंय, की मागच्या रविवारी आपण सांगितलं ते आठवतंय.

"नक्की?" टीचर विचारते.

तो शटरबाहेर रस्त्याकडे बघतो. "नाय टीचर. नक्की नाय."

टीचर मान हलवते. खरं बोलल्याबद्दल वर्गात ती हलवायची तशीच. मग छत्री उचलून घरी जाते, चहा टाकायला.