खालीवाले में लगा देना

आमचा कॉम्प्युटर बंद पडायचा तो नेमका खेळात. एरवी त्याचं वागणं आदर्श होतं. मेल बघा, गॅस बुक करा, सासरच्या कुणाच्या लग्नाचा लांबलचक व्हिडिओ लावा, तक्रार नाही. पण रविवारी सकाळी मी आणि मुलगी खेळायला बसलो की केव्हातरी स्क्रीन काळी व्हायची, आतले पंखे क्षणभर गप्प व्हायचे आणि काही झालंच नाही अशा थाटात तो पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा. मला त्याच्या बंद पडण्यापेक्षा तो साळसूदपणा जास्त डोक्यात जायचा.

मशीन मुलीचं. कॉलेजात असताना तिने एकेक भाग आणून ते स्वतः जोडलं होतं. बाजूला काच आणि आत जत्रेतल्यासारखे रंगीत दिवे. बेंगळुरूला नोकरी लागली तेव्हा एवढं धूड कुठे न्यायचं म्हणून ती लॅपटॉप घेऊन गेली आणि हे इथे दिल्लीशेजारी गाझियाबादला, आमच्याकडे राहिलं. जाण्याआधी तिने मला एक खेळ शिकवला. डोंगर पोखरायचा, खाणीत उतरायचं, दगड-लोखंड वर आणायचं आणि त्याचं घर बांधायचं. आपण एकाच वेळी आपापल्या गावी बसून एकाच खाणीत असतो. पन्नाशी उलटलेली बाई कानाला हेडफोन लावून दर रविवारी कुदळ चालवते, हे मी सोसायटीत अजून कुणाला सांगितलेलं नाही.

मला खेळाचं वेड लागलं होतं असं नाही. फोनवर आमचं जमत नव्हतं, हे खरं कारण. "जेवलीस का?" "हो." "काय जेवलीस?" "खाना, आई." यापुढे आमची गाडी जायची नाही. समोर बसवून विचारलं की ही मुलगी लहानपणापासून शिंपल्यासारखी मिटते. पण हाताला काम दिलं की बोलते. पूर्वी मटार सोलताना बोलायची, आता दगड फोडताना बोलायची. ऑफिसातला वाद, घरमालकिणीचा कुत्रा, कुणीतरी हिच्या डब्यातली भाजी नाकारली ते, सगळं मला त्या खाणीत कळायचं. आठवड्याचा तो एक तास माझ्यासाठी काय होता ते शब्दांत सांगणं अवघड आहे. तो जाऊ नये एवढंच मला वाटायचं.

आणि तो जायला लागला होता. पावसाळ्यातल्या एका रविवारी आम्ही खाणीच्या बऱ्याच आत होतो. तिने मशाल हातात घेतली. मग म्हणाली, "आई, मला ना इथे कधीकधी एकदम खाली..." आणि स्क्रीन काळी झाली.

मशीन सुरू होऊन मी परत खेळात शिरेपर्यंत ती तिथेच मशाल घेऊन उभी होती. मी म्हटलं, "काय म्हणत होतीस? आणखी खाली जायचंय का?"

"अं?" ती म्हणाली. "हां. चल, जाऊ."

आम्ही शिडीने आणखी खाली गेलो. तिथे कोळशाशिवाय काही नव्हतं. त्या दिवशी ती फार बोललीच नाही. मला वाटलं, खेळ मोडला म्हणून वैतागली असेल.

त्यानंतर मी त्या मशीनच्या हात धुऊन मागे लागले. आधी धूळ. आमच्याकडे सकाळी पुसलेल्या टेबलावर संध्याकाळी बोटाने नाव लिहिता येतं, तेव्हा काचेच्या आत काय असेल! बाल्कनीत नेऊन ब्लोअर मारला. एक राखाडी ढग उठून शेजारणीच्या वाळवणावर गेला आणि मी चटकन आत आले. तरी मशीन बंद पडलंच. मग मुलीने सांगितलं, आत गरम होतंय का बघ. स्क्रीनच्या कोपऱ्यात तापमानाचे आकडे लावून दिले. मी दगड फोडू की आकडे बघू! आकडे शहाण्यासारखे वागत होते, मशीन नाही. मग व्हिडिओ कॉलवर तिच्या सांगण्याबरहुकूम मी आतली मेमरीची पट्टी काढून, पुसून, कट् आवाज येईपर्यंत परत बसवली. त्या पराक्रमाचा मला दोन दिवस अभिमान वाटत होता. रविवारी तो उतरला.

"पॉवर कहाँ से है?" तिने एकदा विचारलं. "इन्व्हर्टरवर नाही ना लावलाय?"

"छे गं. खालीवाल्यातच आहे."

"हां, मग ठीक आहे. खालीवालाच पाहिजे."

त्या खोलीत भिंतीवर दोन पॉइंट आहेत, एकावर एक. वरचा इन्व्हर्टरवर, वीज गेली तरी चालणारा. खालचा मोठा, थेट लाईनचा. असली भुकेली मशीन इन्व्हर्टरवर लावायची नसते एवढं मला माहीत होतं. जूनमध्ये मुलगी गेल्यावर कॉम्प्युटर त्या खोलीत हलवला, तेव्हा पंखा दुरुस्त करायला आलेल्या इलेक्ट्रिशियनला मी स्वयंपाकघरातून बजावून सांगितलं होतं. त्यामुळे त्या बाजूने मी निश्चिंत होते. टेबल भिंतीला चिकटलेलं, मागे बघायचं कारणच नव्हतं.

शेवटी नवऱ्याने मागची वायर काढून डबा उचलला आणि बाजारातल्या दुकानात नेला. दुकानदाराने त्यावर दिवसभर खेळ लावून ठेवला. एकदाही बंद पडलं नाही. "मॅडम, बिल्कुल ठीक है," तो म्हणाला, आणि माझ्याकडे असं पाहिलं की आजार मशीनला नसून मला असावा. घरी आणलं, वायर लावली, रविवारी पुन्हा तेच.

"दुकानात शहाणं आणि घरी हट्टी," नवरा म्हणाला. "कुणावर गेलंय बघ."

मला हसू आलं नाही. कारण तेव्हाच हेडफोनमधून मुलगी म्हणत होती, "आई, रहने दे ना. किती करशील? फोनवरच बोलत जाऊ." ती प्रेमानेच म्हणाली. पण फोनवर म्हणजे "जेवलीस का" आणि "हो". मी म्हटलं, "आणखी थोडे दिवस बघू." तिने "अच्छा" म्हटलं. दिल्लीत वाढलेल्या मुलांचं "अच्छा" मला कळतं. त्याचा अर्थ नाही असा असतो.

दिवाळीच्या आधी, एका सुट्टीच्या दुपारी, मी कॉम्प्युटरवर अनारशांची कृती बघत होते. फ्रिज गप्प झाला. इन्व्हर्टरने टीं केलं. वीज गेली होती आणि सोसायटीच्या जनरेटरला यायला नेहमीप्रमाणे वेळ लागत होता. समोर अनारसे मात्र तसेच होते. वा, शहाणं बाळ, बंद नाही पडलं, असं मी म्हणणार तोच डोक्यात लख्ख प्रकाश पडला. थेट लाईनवर असतं तर आत्ता बंद पडायला नको होतं का?

टेबल ओढलं. वायर वरच्या पॉइंटमध्ये होती. खालचं सॉकेट खाली होतं.

हे वाक्य मी मनातल्या मनात मराठीत म्हटलं, मग हिंदीत, आणि तिथेच फरशीवर बसले. नवरा धावत आला. त्याला वाटलं, मला शॉक बसला.

"तू त्या भैयाला नक्की काय सांगितलं होतंस?" त्याने विचारलं.

"भैया, कंप्यूटर खालीवाले में लगा देना."

तो दाराला धरून हसायला लागला. जूनमध्ये खालच्या पॉइंटमध्ये कूलरची वायर होती. ती काढून कॉम्प्युटर लाव, असं मला म्हणायचं होतं. भैयाने ऐकलं ते असं, की जो खाली, म्हणजे रिकामा असेल त्यात लाव. रिकामा होता वरचा. बिचाऱ्याने सांगितलं तसं केलं. पुढे कूलर हलवला तेव्हा त्याची वायर टेबलामागे नुसता हात घालून ओढून काढली, बघितलं कुणीच नाही. इतकी वर्षं दिल्लीत काढली, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये पंजाबी, बंगाली, तमिळ शेजारणींशी हिंदीत भांडले आणि जिंकले, तरी माझं "नीचे" ऐन वेळी "खाली"च होतं. मुलगी लहान असताना मी बागेत ओरडायचे, "खाली उतरो!" आणि तिच्या मैत्रिणी घसरगुंडी रिकामी करून बाजूला व्हायच्या.

संध्याकाळी फोनवर मुलीला सांगितलं तेव्हा तिलाही हसू आवरेना. "आई, म्हणजे तू मला खालीवाला म्हणालीस, तेव्हा मला वाटलं, त्यात दुसरं काही लावलेलं नाही!" मग तिने नीट समजावलं. आमच्याकडे जरा व्होल्टेज उतरलं की इन्व्हर्टर घाईघाईने बॅटरीवर जातो. त्या अदलाबदलीत पापणी लवेल एवढा वेळ वीज नसते. मेल बघताना मशीन तेवढं तग धरतं, खेळताना त्याची भूक इतकी वाढलेली असते की तेवढाही धीर निघत नाही. थेट लाईनवर त्याला उतरलेलं व्होल्टेज चाललं असतं. मी वायर खाली लावली. खाली म्हणजे नीचे.

फोन ठेवला आणि कणीक मळायला घेतली. अजून हसूच येत होतं. परातीत हात असतानाच मला ते दुसरं "खाली" आठवलं.

आई, मला ना इथे कधीकधी एकदम खाली.

ती घरात मराठी बोलते, पण मनातलं बोलायची वेळ आली की तिचे शब्द क्वार्टरच्या अंगणातून येतात. तिला खाणीत खाली जायचंच नव्हतं. आणि मी तिला शिडी दाखवली होती. मला इतकं वाईट वाटलं की तसेच पिठाचे हात घेऊन मी फोनपर्यंत गेले. मग परत फिरले. फोनवर विचारलं असतं तर "काही नाही, आई" एवढंच मिळालं असतं.

रविवारी आम्ही उतरलो. मी मुद्दामच कुदळ चालू ठेवली. म्हटलं, "अगं, तू मागे एकदा म्हणालीस ना, इथे एकदम खाली म्हणून. ते नीचे नव्हतं ना?"

तिच्या कुदळीचा आवाज थांबला.

"तुझ्या हिंदीतलं खाली होतं," मी म्हटलं.

"तुला आठवतंय ते?"

"तेव्हा कळलं नव्हतं. परवा टेबलाखाली कळलं."

ती हसली, आणि हसता हसता तिचा आवाज बारीक झाला. मग कुदळ पुन्हा सुरू झाली, अगदी हळू. ऑफिसात सगळे चांगले आहेत, म्हणाली. पण संध्याकाळी सगळे आपापल्या माणसांकडे जातात. खोलीवर आल्यावर ती कधीकधी दिवाही लावत नाही, तशीच बसून राहते. "रोना भी नहीं आता, आई. बस खाली खाली लगता है. मराठीत काय म्हणतात याला?"

"रितं," मी म्हटलं. "रितं रितं वाटतं."

"रितं." तिने शब्द चाखल्यासारखा पुन्हा म्हटला. "हा तू मला कधी शिकवला नाहीस."

"घरात वापरायची वेळच आली नाही गं."

मग ती बोलत राहिली. दिवाळीला यायचं ठरवलं होतं पण येऊन परत जाणं जमेल का, याचीच जास्त भीती वाटते, म्हणाली. नोकरी सोडायची नाहीये, पण कुणाला तरी सांगायचं होतं. मी डोळे पुसत होते आणि नाक ओढल्याचा आवाज माइकमध्ये जाऊ नये म्हणून तोंडावर ओढणी धरली होती. खाणीत माझा बाहुला भिंतीकडे तोंड करून नुसताच उभा होता.

"आई?" ती एकदम म्हणाली. "आई, गेला का पीसी?"

"नाही," मी म्हटलं. "चालू आहे. बोल."