पातळी बघण्यापुरतं

बसस्थानकावर तिला सगळे भोंगाबाई म्हणत, आणि तिने ते कधी मनावर घेतलं नव्हतं. स्थानकात दिवसभर घुमणारा आवाज तिचा. ती स्वतः मात्र वर्षातून तीन-चारदाच यायची. नवा मार्ग सुरू झाला की जिन्याखालच्या खोलीत बसून तेवढ्या गावाचं नाव बोलायची आणि घरी जायची. बाकीचं वाक्य यंत्र जुळवायचं. ‘फलाट क्रमांक’ अकरा वर्षांपूर्वीचं, गाव गेल्या वर्षीचं, ‘सुटत आहे’ मधलंच कधीतरी. एकाच वाक्यात एक बाई तीन वयांची असायची. प्रवाशांना गाडीशी मतलब.

रेकॉर्डिंगचं काम तारमास्तराकडे होतं; स्थानकातल्या वायरी आणि यंत्रं सांभाळणाऱ्याला सगळे हेच म्हणत. दर वेळी सुरुवातीला तो म्हणायचा, “पातळी बघण्यापुरतं बोला काहीतरी. आज काय जेवलात?” उत्तर ऐकायचं नसतं, आवाजाच्या पातळीचा काटा नीट हलतोय का, एवढंच बघायचं असतं. ती उत्तरं वेगळी साठलेली होती, कारण तारमास्तर काहीच टाकून देत नसे. त्याच्या बायकोचं यावर काय मत आहे, ते इथे सांगण्यासारखं नाही.

या आठवड्यात नवं यंत्र आलं. सगळ्या फाईली तारखेवार लावून चढवायच्या होत्या. भर दुपारी, बाहेर गर्दीचा कल्लोळ चाललेला असताना तारमास्तराने हेडफोन कानाला लावले. काटा न बघता तिला ऐकण्याची ही त्याची पहिलीच वेळ.

पहिल्या वर्षी ती म्हणत होती, “जेवतेय कसली! मीठ दोनदा पडलं. एकदा सासूबाईंच्या हातून, एकदा त्यांच्या रागातून. नवऱ्याने तीन ग्लास पाणी ढोसलं, पण हू नाही की चू नाही. आईचा लाडका ना!” चाळीस सेकंद. शेवटी तिचं हसू, त्यात त्याचंही.

चौथ्या वर्षी: “जेवले. बरं होतं.”

सहाव्या वर्षी: “नेहमीचंच.”

सातव्या वर्षी अचानक पुन्हा एक किस्सा आला, चांगला वीस सेकंदांचा. तारमास्तराला हायसं वाटलं. त्यापुढची फाईल अकरा दिवसांनंतरची होती: “जेवले बहुतेक. की ते काल?” मग नुसती कागदाची सळसळ. “अजून किती बोलायचंय?”

दहाव्या वर्षीच्या फाईलमध्ये नुसता श्वास होता. नऊ सेकंद. त्यानंतर त्याचाच उत्साही आवाज: “झाली पातळी!”

तारमास्तराने हेडफोन काढले. बाहेर अकरा वर्षांपूर्वीची ती ठणठणीत आवाजात लोकांना गाडीत बसवत होती. त्याने हेडफोन परत लावले.

शेवटची फाईल पंधरा दिवसांपूर्वीची. त्या दिवशी ती न बोलावता आली होती. “उरलेलं सगळं एकदाच करून घेऊ. नंतर मला बोलवायला नको.” तिने तीसपर्यंतचे फलाट क्रमांक बोलून दिले, जिथे गाडी जात नाही त्या गावांची नावंही. स्थानकप्रमुखांनी ‘याला म्हणतात दूरदृष्टी’ म्हणत शिक्क्यानिशी कौतुकाचं पत्र दिलं. चहा तारमास्तरानेच मागवला होता.

“फलाट क्रमांक एकोणतीस,” ती कानात म्हणाली. त्या आवाजात कुणीच नव्हतं.

यंत्र अर्धवट टाकून तो तिच्या घरी गेला. नवरा प्लंबर, भिंतीतली गळती कान लावून ओळखणारा म्हणून प्रसिद्ध. तो जेवायला घरी आला होता.

“दादा, वहिनी कुठायत?”

“आत. पडलीय. का, पुन्हा रेकॉर्डिंग?”

“जेवल्या?”

“नाही. अहो, हल्ली बारीक व्हायचं खूळ असतं.”

सासूबाईंनी माहितीत भर घातली. “गुणाची झालीय हो आता. आधी शब्दाला शब्द असायचा. परवा तर चांगले चांगले कपडे वाटून टाकले, मलाच चार दिले. कशाचा म्हणून मोह उरला नाही.”

तारमास्तराने मोबाईल टेबलावर ठेवला आणि फाईली ओळीने लावल्या. मिठाच्या गोष्टीला नवरा हसला. “एकदाच पडलं होतं,” सासूबाई म्हणाल्या. पुढे कुणी हसलं नाही. नऊ सेकंदांच्या श्वासापाशी नवरा वाकून मोबाईलला कान लावून बसला होता.

“एकोणतीस?” शेवटची फाईल संपल्यावर त्याने विचारलं. “तुमच्याकडे फलाट किती?”

“सहा.”

ती आतल्या दारात उभी होती. कधीपासून, ते कुणालाच कळलं नव्हतं.

नवरा उठला. “तुला... मरावंसं वाटतं का?”

“अरे, काय अभद्र बोलतोस!” सासूबाई कडाडल्या.

“हो,” ती म्हणाली. “बरेच दिवस. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल.” गाडी उशिरा सुटणार असल्याचं सांगावं, तशा आवाजात.

सासूबाई उठल्या. त्या जाऊन तिचा हात घट्ट धरून उभ्या राहिल्या. नवऱ्याने दुपारची दोन्ही कामं फोनवरून रद्द केली. तारमास्तराने दवाखान्यात फोन करून सगळं जसंच्या तसं सांगितलं. “आत्ताच आणा,” तिकडून सांगण्यात आलं, “आणि तोवर त्यांना एकटं सोडू नका.”

दवाखान्यात नंबर पुकारायला यंत्र होतं. बाईचा आवाज, स्वच्छ, जुळवलेला. “क्रमांक... सतरा.”

तिने मान वर केली. दिवसभरात पहिल्यांदाच.

“ही दमलीय,” ती म्हणाली.

“कोण?”

“ही बोलणारी. ‘सतरा’ म्हणताना ऐका. कुणीतरी विचारायला हवं हिला.”

नवऱ्याने कान दिला. त्याला काहीच ऐकू आलं नाही, पण आज त्याने तसं म्हटलं नाही. हातातल्या चिठ्ठीवर सतराच होतं. यंत्राने ते दुसऱ्यांदा पुकारलं, तेव्हा दोघं दारापर्यंत पोचली होती.