भोंगेकाकांची करवंटी

व्यक्तिचित्र म्हटलं की तुम्ही कसे बसता ते मला माहीत आहे. आता एक साधाभोळा म्हातारा येणार, दोन-चार मोठी वाक्यं बोलणार आणि शेवटी मरणार. रुमाल काढला असेल तर परत खिशात ठेवा. भोंगेकाका मेलेले नाहीत. पुसदला लेकीकडे असतात, रविवारी मटण खातात, आणि साधेभोळे तर ते पाळण्यातही नसावेत.

काकांचं खरं नाव आर्णीत कोणाला माहीत नव्हतं. कोर्टात पुकारा झाला तेव्हा खुद्द काकांनीही "हा कोण बावा?" म्हणून मागं वळून पाहिलं. आमच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायच्या कारखान्यात, भोंगा वाजवायचं काम त्यांचं. भोंग्याखालीच उमर गेली, त्यात कान गेले. आणि बहिरा माणूस समोरच्यालाही बहिराच समजतो. काका गुपित सांगायचे तेव्हा तोंड कानाशी आणायचे, हात आडवा धरायचे, डोळे बारीक करायचे, "कोणाले सांगू नको बरं!" म्हणायचे, आणि ते बसस्टँडवरच्या रसवंतीपर्यंत ऐकू जायचं. मग अख्खी आर्णी ते गुपित पाळायची.

मी तिथंच काट्यावर होतो. कापसाच्या गाडीचं वजन करायचं, पावती फाडायची आणि मधल्या वेळात लोकांचे आवाज काढायचे. तिसरं काम मला कोणी दिलेलं नव्हतं, पण तेच मी मन लावून करायचो. त्यात माझा हातखंडा म्हणजे बडे सेठ, आमचे जुने मालक. त्यांचं एकच वेड होतं. कापसाच्या गंजीवर चप्पल घालून कोणी चढायचं नाही. कापूस म्हणजे लक्ष्मी, तिला पाय लागला तर चालेल, चप्पल नाही. हे सगळ्याच जिनिंगांत असतं, पण सेठ ते आवारभर लागू करायचे, आणि आधी पोटच्या पोराला. छोटे सेठ चाळिशी ओलांडलेले, पोट सुटलेलं, पायात चकचकीत बूट. ते फाटकातून आत आले की ऑफिसातून हाक यायची, "छोटे! चप्पल!" छोटे सेठ बँकेच्या साहेबाशी फोनवर बोलत असले तरी पाय आपोआप बुटांतून बाहेर यायचे. डोक्याला कळायच्या आधी पायांना कळायचं.

काकांच्या वेळेबद्दल सांगायलाच पाहिजे. काकांकडे घड्याळ नव्हतं. भोंग्याच्या माडीवरून बसस्टँड दिसायचा. यवतमाळची सकाळची गाडी हलली की काका बटन दाबायचे. हे ठीक. पण गाडीचा ड्रायव्हर कशावरून गाडी हलवायचा? भोंग्यावरून. बहुतेक दिवस कोणीतरी एक आधी कंटाळायचा आणि दिवस सुरू व्हायचा. पण एखाद दिवशी दोघंही एकमेकांकडे पाहत बसायचे आणि आर्णीत सकाळच व्हायची नाही. हमाल फाटकाबाहेर बिड्या ओढायचे, शाळेतली पोट्टी खूश, आणि हेडमास्तर घंटेजवळ हातोडा धरून उभे. मी एकदा म्हटलं, "काका, एक घड्याळ घ्या ना." काका म्हणाले, "घड्याळ बंद पडते लेका. येष्टी बंद पडली तं दुसरी येते."

आता कराराचं. खंडेनवमीला आमच्याकडे मशिनींची पूजा असते, आणि ती बड्या सेठची शेवटची पूजा होती. त्यांनी भोंग्याच्या बटनाला कुंकू लावलं, नारळ फोडला आणि काकांच्या कानाला तोंड लावून ओरडले, "सुन! जब तक तू है, ये भोंगा तेरा! दुसरे किसी का हाथ नहीं लगेगा!" कानात ओरडल्यामुळे सगळ्या जिनिंगनं ऐकलं. काकांनी मान हलवली. झाला करार. खोबरं वाटलं, ते मी खाल्लं. जरा जास्तच खाल्लं.

सेठ गेले. छोट्या सेठनी इंदूरहून टायमरचं मशीन आणलं. भोंगा आता आपणच वाजायचा, अगदी बरोबर वेळेवर, आणि त्यामुळे गावात सगळ्यांचं चुकायला लागलं. काकांना सांगितलं, फाटकावर बसा आणि गाड्यांचे नंबर लिहा.

"मी भोंग्याचा माणूस हाव," काका म्हणाले.

"काका, जमाना बदल गया."

"जमाना बदलला असन. करार कुठं बदलला?"

छोटे सेठ चिडले. "नंबर लिहायचे नसतील तर उद्यापासून येऊ नका. हिशोब घ्या आणि घरी बसा."

काकांनी हिशोब घेतला नाही आणि घरीही बसले नाहीत. त्यांनी यवतमाळचं लेबर कोर्ट गाठलं. मागणी एकच. ठरलेलं काम मोडलं, ते परत द्या. भोंगा द्या.

वकीलताई तरुण होत्या, हुशार होत्या. त्यांनी विचारलं, "काका, नेमणुकीचा कागद?"

काकांनी पिशवीत हात घातला आणि फडक्यात गुंडाळलेली नारळाची करवंटी टेबलावर ठेवली.

"हे काय?"

"करार. अर्धी सेठकडं गेली, अर्धी मायाकडं. दोन परती."

वकीलताईंनी करवंटी उलटून पाहिली. सही-शिक्का शोधत होत्या की काय कोण जाणे. मग म्हणाल्या, "तोंडी करारही करारच असतो काका. पण ऐकणारा साक्षीदार पाहिजे."

काकांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "यानं खोबरं खाल्लं हाय. खाल्ल्या खोबऱ्याले जागन."

मी छोट्या सेठच्याच काट्यावर नोकरीला, हे सांगायला तोंड उघडलं होतं. पण ऐकणार कोण?

कोर्टाच्या पहिल्या तारखेला आम्ही वेळेवर पोचलोच नाही. टायमरचा भोंगा वाजला, पण गाडीचा ड्रायव्हर हलेना. "हा काकांचा भोंगा नाही," म्हणे. काका आधी एक लहान "पूं" द्यायचे, मग लांब सूर. टायमरला ती अदब कुठली! काका गाडीतच बसलेले, त्यांनी खिडकीतून सांगितलं, "अबे, मी इथं हाव तं वाजवन कोण? चाल!" ड्रायव्हर म्हणाला, "काका, तुम्ही वाजवा, मंग चालतो." शेवटी तोच कंटाळून हलला. यवतमाळला गेलो तेव्हा पुकारा होऊन गेलेला. पुढच्या खेपेला जजसाहेबांनी विचारलं, "मागच्या तारखेला का आला नाहीत?" वकीलताईंनी काकांच्या कानात प्रश्न ओरडून सांगितला. काका म्हणाले, "तेच तं सांगाले आलो साहेब. भोंगा माया नव्हता." साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि थोडा वेळ खिडकीबाहेर पाहिलं.

मग सेठच्या वकिलानं काकांना धरलं. ते वकील म्हणजे पांढरे केस, मधाळ आवाज. हा आवाजही आता माझ्याकडे आहे. "तुमचा भोंगा कधीच वेळेवर वाजत नसे, हे खरं ना?"

"गाव टाईमावर होतं," काका म्हणाले. "घड्याळं मांगंपुढं होती."

"आणि ही करवंटी कुठल्याही देवळातली असू शकते."

काकांनी हात जोडले. "देवळातली असती तं मी देवावर केस केली असती."

इथवर काका पुढं होते. मग काकांनी मला साक्षीला उभं केलं आणि सगळी वाट लागली.

मी शपथ घेतली. समोर छोटे सेठ बसलेले, माझा पगार ज्यांच्या हातात ते. मधाळ वकील म्हणाले, "सेठ नेमकं काय बोलले? तुमच्या शब्दांत नको. त्यांच्या शब्दांत सांगा." देवाशपथ, मी नुसते शब्दच सांगणार होतो. पण माझ्या गळ्याला नुसते शब्द सांगता येत नाहीत. माझी मान आपोआप तिरपी झाली, हनुवटी वर गेली आणि नाकातून बडे सेठ बाहेर आले, पार त्यांच्या ओरडण्यासकट. "सुन! जब तक तू है, ये भोंगा तेरा!"

माझ्या मागं काका एकदम उठून दाराकडे पाहायला लागले. आणि छोटे सेठ, त्यांना काय सुचलं कोण जाणे, वकिलाला काही सांगायला तरातरा पुढं आले. बूट वाजवत. आता तुम्हीच सांगा, त्या आवाजात असताना समोरून बूट घातलेले छोटे सेठ आले तर तोंडातून दुसरं काय निघणार?

"छोटे! चप्पल!"

छोट्या सेठचे पाय बुटांतून बाहेर. ते मोज्यांवर उभे, हात जोडलेले, मान खाली. "जी बाबूजी," म्हणाले.

मधाळ वकिलांनी डोळे मिटले.

साहेबांनी विचारलं, "तुम्ही बूट का काढलेत?" छोट्या सेठनी खाली पाहिलं. एका मोज्याला अंगठ्याशी भोक होतं, ते दुसऱ्या पायानं झाकलं. मग हळूच म्हणाले, "साहब, बाबूजी ने बोला था. मी तिथंच होतो. खोबरं मी पण खाल्लं होतं."

तिथंच तडजोड झाली. काका निवृत्त होईपर्यंत भोंगा काकांचा, टायमर माळ्यावर. छोट्या सेठनी मला कामावरून काढलं नाही, फक्त आवारात बोलायला बंदी केली. साहेबांनी मात्र मला चांगलंच झापलं. "हे न्यायालय आहे, गणपतीचा मांडव नाही. पुन्हा इथं दुसऱ्याच्या आवाजात बोललात तर तुमच्याच आवाजात रडायला लावीन." ते मी पोटात घातलं. खरी बोलणी पुढं होती.

यवतमाळच्या बसस्टँडवर मी काकांसाठी चहा आणला. मला वाटलं, पाठ थोपटतील. काकांनी चहाला हात लावला नाही. तोंड माझ्या कानाशी आणलं, हात आडवा धरला, आणि सगळा स्टँड आमच्याकडे वळला.

"कोणी सांगतलं होतं तुले सेठले आणाले? मी केस लढून राह्यलो होतो का नाही? माया करार होता, माया तोंडानं जिकला असता मी!"

"काका, पण भोंगा भेटला ना."

"भेटला! अन् सेठ गेले त्याचं काय?"

"ते तर आधीच..."

"चूप! मले या कानानं कोणाचंच धड आयकू येत नाही. बायकोचं नाही, लेकीचं नाही. सेठ कानात वरडे, तेवढं आयकू ये. तेवढाच येक आवाज उरला होता माया कानात. रातच्याले पडलो का चाले तो. आता मंघापासून आठवून पाहून राह्यलो, तं सेठच्या जागी तूच बोंबलून राह्यला, गधड्या!"

तिथल्या रसवंतीवाल्यानं घुंगराचं चाक थांबवलं होतं. आर्णीच्या गाडीचा ड्रायव्हर गाडी चालू करून, काका चढायची वाट पाहत, स्टिअरिंगवर हनुवटी टेकून ऐकत होता.

"अन् खबरदार माया आवाज काढशीन तं! मी जिता हाव अजून!"

"नाही काढणार काका."

काकांनी चहा उचलला. एक घोट घेतला, थंड झाला म्हणून तोंड वाकडं केलं. मग पुन्हा माझ्या कानाशी आले.

"अन् काढलाच होता तं नीट तरी काढाचा. 'चप्पल' म्हणल्यावर सेठ खोकलत होते. दोन डाव. थो खोकला कुठं हाय? खोकला खाल्ला तू, खोबऱ्यावानी!"