स्टँडपर्यंतची वाट

फोन मामीचा होता. "तुहे मामा गेले वं माय," एवढंच बोलली. बुलढाण्याहून मेहकरच्या गाडीत बसले तेव्हा मनात एकच आलं, आता परतताना मला स्टँडवर पोचवायला कोण येणार?

दत्तूमामांचं मिरची कांडप होतं. बिडीला कधी शिवले नाहीत, पण जन्मभर तो तिखट भुगा छातीत गेला आणि उतारवयात फुप्फुसं कामातून गेली. पाहुण्याला स्टँडवर नेऊन गाडीत बसवायचं आणि गाडी हलेपर्यंत खिडकीशी उभं राहायचं, हा त्यांचा नेम. तो मोडला. मी निघाले की ते खाटेवरून दुसरीकडेच बघत बसायचे, आणि माझा पाय दारातून निघत नसे.

मग घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी व्यायामासाठी टीव्हीवरचा एक खेळ सुचवला. आपण जागच्या जागी पावलं टाकायची, की पडद्यावरचा माणूस रस्त्याने चालतो. समोरून येणाऱ्यांना बाजूला सरून चुकवायचं. मामा टोपी घालून, चपला चढवून टीव्हीसमोर उभे राहत.

"घरात चपला काऊन घातल्या?" मामी करवादायची.

"बाहेर निंगालो ना मी."

समोरून कोणी आलं की हे थांबून हात जोडणार. धडक बसायची, गुण जायचे. मी म्हटलं, "मामा, बाजूले सरा ना."

"माणूस समोर आलं तं राम राम कराचा, का तोंड चुकवाचं?"

बाई हसल्या. हात हलताहेत ना, म्हणाल्या, करू द्या.

हळूहळू दम टिकू लागला. दिवाळीनंतर एकदा ते खरंच माझ्यासोबत निघाले. थांबत, टेकत, ओठांचा चंबू करून श्वास सोडत स्टँडवर पोचले. बोलायला दम उरला नव्हता. गाडी हलेपर्यंत खिडकीचा गज धरून उभे होते. इतके खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

पुढे थंडीत छाती भरली आणि नाकाला ऑक्सिजनची नळी आली. शेवटच्या भेटीनंतर मी निघाले, तर मामीला टीव्ही लावायला सांगून ते खाटेवर बसल्या बसल्या पावलं हलवत राहिले म्हणे. "पोरीले पोचवून येतो," म्हणाले.

तेरवी झाली तरी चपला टीव्हीसमोरच होत्या. मामी कोणाला हात लावू देत नव्हती. मी पिशवी उचलली, तशी ती उठली. आजवर ती कधी स्टँडवर आली नव्हती.

"थांब, मी येतो."

गाडी हलेपर्यंत ती खिडकीशी उभी होती.