मंजूच्या आईची पानं

मंजूचे अण्णा, म्हणजे तिचे वडील, कागदाला हात लावायच्या आधी असे हात धुवायचे, की बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस आता पूजेला बसणार. पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात ते लेथवर होते. मशीनचं काळं तेल बोटांच्या रेघांत कायमचं बसलेलं. आधी रॉकेल, मग कपड्याचा साबण, मग नारळाच्या काथ्यानं घासणं. एवढं करूनही खात्री वाटायची नाही, म्हणून चिकटवहीचं पान ते हाताच्या पाठीनं उलटायचे.

आम्ही एकाच वठारात राहायचो. मध्ये अंगण, भोवती पाच-सहा बिऱ्हाडं. अण्णा निपाणीकडचे, आम्ही बेळगावचे, बाकी सगळे कन्नड बोलणारे. मंजूच्या जन्मानंतर तिच्या आईचं, शारदाकाकूंचं, हृदयाचं जुनं दुखणं बळावलं आणि त्यांनी अंथरूण धरलं ते धरलंच. त्या गेल्या तेव्हा नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं आणि मंजू जेमतेम चार वर्षांची. मी तिच्याहून चार वर्षांनी मोठी.

शारदाकाकूंचा फोटो एकच होता, लग्नातला, आणि त्यातही मान खाली. एका संध्याकाळी मंजूनं विचारलं, “अण्णा, आई कशी होती?” दुसऱ्या दिवशी कारखान्यातून येताना अण्णांनी जाड, तपकिरी पानांची मोठी चिकटवही आणली. म्हणाले, “फोटो नाही तर नाही. बाकीचं सगळं आहे की. रोज एक पैज लावू या.”

तेव्हापासून अंगणात रोज पैज लागायची. आज कात्री नाही, सगळं हातानं फाडायचं. आज फक्त पिवळं. आज वास येणारं काहीतरी. पिवळ्या पानावर मंजूनं हळदीचा हात उमटवला होता, कारण शारदाकाकू पिठलं फार छान करायच्या असं आमच्या आईनं तिला सांगितलं होतं. वासाच्या दिवशी अण्णांनी शारदाकाकू केस धुवायच्या ती शिकेकाई खळीत कालवून पानावर लिंपली. पुढे कितीतरी दिवस मंजू येता-जाता वही उघडून नाक लावायची. निकाल आमची आई द्यायची. तो ठरलेलाच असे, “सगळेच जिंकले, चला जेवायला.”

मी नीटनेटकी. कागद तिरका चिकटला की मी तो उपटायला जायची. अण्णा माझा हात धरायचे. “स्वल्प वाकडं राहू दे गं. सरळ काम मी दिवसभर करतोच की.”

एकदा पैज होती, आईबरोबर कुठं गेलीस ते दाखव. मंजूनं बरीच सुकलेली फुलं चिकटवली, वर फुलांच्या बागेतलं काचेचं घर काढलं आणि सांगू लागली, “आईनं मला लालबागेत नेलं होतं. खांद्यावर बसवलं होतं. मला वरून सगळी फुलं दिसत होती.” शेंगा सोलणारे आमच्या आईचे हात थांबले. शारदाकाकूंना तेव्हा अंगणातल्या नळापर्यंतही जाववत नव्हतं. फुलांचं प्रदर्शन बघायला मंजूला खांद्यावर घेऊन गेले होते ते अण्णाच. मी त्यांच्याकडे बघितलं. ते म्हणाले, “होय की. लई गर्दी होती. साडी कुठली नेसली होती गं आई?”

“लाल.”

अण्णांनी लाल कागद फाडून तिच्या हातात दिला.

मंजू पाणी प्यायला आत गेल्यावर आई हळूच म्हणाली, “अण्णा, तुम्ही घेऊन गेला होता तिला.”

“मी आहे की अजून, वैनी,” ते म्हणाले. “माझं काय, पुढं केव्हाही होईल.”

मग तसंच होत गेलं. तापात कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवणारी आई. वेणी घालताना कावळ्याची गोष्ट सांगणारी आई. मंजू जे जे सांगेल त्याला अण्णा मान डोलवायचे आणि खळीची वाटी पुढे सरकवायचे. वही जाड होत होत मिटेनाशी झाली.

मंजू सात वर्षांची झाली तेव्हा शारदाकाकूंच्या आई निपाणीहून आल्या. “आता तुझी दुपारपाळी लागली, आणि पोर कुणाच्या जिवावर?” त्यांनी अण्णांना विचारलं. आमची आई म्हणाली, “आम्ही आहोत ना.” म्हातारी शांतपणे म्हणाली, “शेजार किती दिवस पुरतो, बाई?” त्यांचंही खोटं नव्हतं. अण्णा म्हणाले, “सरी, बरं. घेऊन जावा.”

मॅजेस्टिकच्या बसस्टँडवर आम्ही सगळे गेलो होतो. अण्णांनी वही प्लास्टिकमध्ये गुंडाळून मंजूच्या मांडीवर ठेवली. कंडक्टरला दोन-दोनदा सांगितलं, “स्वल्प नोडकोळ्ळी,” जरा लक्ष ठेवा. बस वळली तशी ते सरळ दुसऱ्या बसमध्ये चढले आणि पाळीवर गेले.

ते पोस्टकार्डावर पैज लिहून पाठवायचे. मंजू सुरुवातीला उत्तर द्यायची. मग तिची शाळा, मैत्रिणी, मामाची मुलं. उन्हाळ्यात ती आजीबरोबर यायची ती पाहुणीसारखी. अण्णांनी बोलावलं की लाजून आजीच्या मागं जायची. “वाढतीय. बरं आहे,” अण्णा म्हणायचे आणि तिच्यासाठी आणलेला खाऊ आमच्याकडे ठेवून कामावर जायचे.

मंजू अकरा-बारा वर्षांची असताना अण्णा कारखान्यातच छातीत कळ येऊन गेले. दवाखान्यात नेईपर्यंतही राहिले नाहीत.

मामाबरोबर मंजू आली. पहिल्या दिवशी रडली नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसली आणि म्हणाली, “काकू, आई गेली तेव्हा मी एवढीशी होते, तरी मला तिचं सगळं आठवतं. अण्णांचं काहीच का आठवत नाही? मी वाईट आहे का?”

ते सगळं अण्णांनीच केलं होतं, हे माझ्या ओठावर आलं होतं. आईनं माझ्याकडे बघून मानेनंच नको म्हटलं. तिनं मंजूला जवळ ओढलं. “वाईट कशी असशील? ये, मी सांगते तुला.” आणि ती सांगू लागली. अण्णांना पालीची फार भीती वाटायची. आंघोळ करताना ते गायचे आणि सगळं वठार हसायचं. तिखट सोसायचं नाही, तरी कुणी वाढलं की नको म्हणवायचं नाही. शारदाकाकूंच्या वाट्याचं काहीही काढून न घेता आई सांगत होती. मंजू गुडघ्यांवर हनुवटी टेकून ऐकत होती.

“आणखी?” ती म्हणाली.

आईनं आणखी एक-दोन गोष्टी सांगितल्या. अण्णांचं म्हणून उरलेलं फारच थोडं होतं.

“आणखी सांगा ना, काकू.”

“थांब हं,” आई म्हणाली, “आठवून बघते.”